सदतीस आटे

रात्री अडीचला गंज पेठेत पाणी सोडायचं.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी लावायची, सदतीस आटे,
मग गज टेकवायचा पाइपावर
आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला.
गळती असली की ऐकू येते,
ठणकत्या दातातून कुणी वारा ओढावा तशी.
एकवीस वर्षं हेच.
मला पुण्याच्या पोटातलं कळतं,
वरचं फारसं नाही.

जानेवारीत पतसंस्थेनं सहल काढली.
स्वारगेटहून रात्री बस,
पहाटे हर्णैच्या बंदरात मासळीच्या वासातला चहा,
आणि सातला होडी. दिवसभराची, माणशी बाराशे.
खळदकर साहेबांच्या गळ्यात दुर्बीण.
कुदळेनं तीन डझन अंडी उकडून आणलेली.
सुलभानं आलेपाक, मळमळीवर.
काही उपयोग झाला नाही.
किनारा सुटला तशी ती उजव्या कठड्यावर वाकली
ती वाकलीच.

होडी यासीनचाचा साखरकरांची.
आत गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं,
वल्हं पाण्यात उभं धरलं
आणि मुठीला कान लावला.
मी ताडकन उठलो.
चाचा, हे तर आमचं काम!
त्यांनी मला खालून वर पाहिलं
आणि वल्हं हातात दिलं.

आधी नुसती घरघर,
पर्वतीच्या मोठ्या लाइनीला असते तशी.
मग त्या घरघरीच्या वर
सायकलची चेन उलटी फिरवावी तसलं काहीतरी,
आणि एक शीळ, चढत चढत गेलेली, मध्येच मोडलेली.
डावीकडं, मी म्हणालो. चार. नाही, पाच.
चाचा म्हणाले, पुण्यात समुद्र कधी आला?

आणि डावीकडं पाठी वर आल्या,
ओल्या, करड्या, एकामागून एक,
जशी कुणी पाण्याला धावदोऱ्याची शिवण घालतंय.
अख्खी पतसंस्था डाव्या अंगाला धावली.
होडी कलली, अंडी घरंगळली,
साहेबांच्या दुर्बिणीत फक्त कुदळेची मान.
मी मोजत होतो. सात निघाले.
दोन माझ्या कानातून सुटले होते.

देवमासा नाही दिसला.
बाराशेत देवमासा धरलेला नाही,
हे चाचांनी आधीच सांगितलं होतं.

परतताना ताम्हिणी उतरली, पिरंगुटचे दिवे आले,
तेव्हा सुलभा दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.
तुम्ही सगळे तिकडं होतात ना,
तेव्हा माझ्या खालून काहीतरी गेलं.
काय गेलं?
माहीत नाही. जात होतं.
वाटलं ढगाची सावली, पण ढग कुठं होता?
वाटलं, आता संपेल.
संपेना.
अगं, मग हाक नाही का मारायची?
माझं तोंड मोकळं होतं का?

बस हसली. चांदणी चौकापर्यंत हसली.
साहेब म्हणाले, एवढ्या जवळ ते येत नसतात, वहिनी.
ती काचेला डोकं लावून बसली.
पुढं तिनं विषय काढला नाही, मीही नाही.
फक्त पिंपात पाणी भरताना
नळ बंद करायचं विसरायला लागली.

गुरुवारी शहराचं पाणी बंद असतं.
शुक्रवारी सोडताना आधी हवा पळते,
रिकाम्या पाइपांतून, लांब, जाड,
आणि खजिना विहिरीपाशी व्हॉल्व्हमधून फुस्स करून
पुरुषभर तुषार उडतात.
गेल्या शुक्रवारी स्वेटर घालून सुलभा आली,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
मी गज तिच्या कानामागं धरला,
हवा येताना दिसावी तशी तिच्या चेहऱ्यावर आली.

असं होतं?
तिनं मान हलवली.
त्याला आवाजच नव्हता.
मग माझा हात बाजूला करून
गज स्वतःच धरला. थांबा, ऐकते.

मी चावीकडं वळलो.
सदतीस झाले.
अडतिसावा आटा नसतो,
तरी फिरवून पाहिला.